आतून देखणा टाका

धाकटीच्या डाव्या हाताला किटलीच्या वाफेने भाजलं होतं, म्हणून हे सगळं उघडकीला आलं. हात धड असता तर आईच्या पोटाला भोक राहिलं असतं, आणि तेही भरल्या सभागृहाच्या टाळ्यांच्या कडकडाटात. पुढे हे जेव्हा जेव्हा तिच्या मनात येई, तेव्हा तिला नशिबाचे आभार वगैरे मानावेसे वाटत नसत. तिला कुणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटे, आणि ते कुणाचं, याबद्दल तिच्या मनात काडीचाही गोंधळ नव्हता.

धाकटी अवजारांची इंजिनिअर. तोंडातून पोटात उतरणाऱ्या दुर्बिणीच्या टोकाला बसेल असं एक शिवणयंत्र तिने बनवलं होतं. करंगळीच्या पेराएवढं. ते उघडायचं, जठराच्या भिंतीचा घास घ्यायचं, सुई आरपार घालायचं आणि मिटायचं. वरून पोटाला पात्याचा स्पर्श नाही आणि आतलं भोक आतल्या आत शिवलेलं. वर्कशॉपमधल्या माणसांनी त्याचं नाव ठेवलं होतं चोच. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण ते फक्त दादा उच्चारायचा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, मोठ्या इस्पितळातल्या पोटविकार विभागाचा प्रमुख. चोचीची कल्पना धाकटीची, मेहनत धाकटीची, नाव दोघांचं आणि भाषणं दादाची. ही वाटणी लहानपणापासूनची होती. घरात सायकल आली तीही दादाला, आणि ढकलायला ही. तिची त्याबद्दल फारशी तक्रार नसायची. बोलणाऱ्याला बोलू द्यावं, आपल्याला काम करू द्यावं, असा तिचा हिशेब.

मग आईच्या जठरात गाठ सापडली. लहानशी, अजून शहाण्यासारखी वागणारी, पण काढून टाकायलाच हवी अशी. गाठ भिंतीच्या जाडीतच रुतलेली, त्यामुळे ती काढली की भिंतीला आरपार भोक पडणार होतं. दादाने जाहीर करून टाकलं की येत्या परिषदेत, देशोदेशीच्या डॉक्टरांसमोर, तो ही गाठ दुर्बिणीतून काढेल आणि भोक चोचीने शिवेल. ऑपरेशन थिएटरमधून थेट सभागृहाच्या पडद्यावर. आणि पेशंट त्याची स्वतःची आई.

आपल्या माणसावर आपण हत्यार धरू नये, हा या धंद्यातला जुना दंडक आहे. धाकटीने तो बोलून दाखवला तेव्हा दादा म्हणाला, "अगं, तीच तर गंमत आहे. जन्मदात्या आईवर करतोय म्हटल्यावर लोकांना कळेल, केवढा विश्वास आहे आपला या अवजारावर." धाकटीला ते खटकलं होतं. पण चोच तिच्या हातून आजवर एकदाही चुकली नव्हती, आणि आपल्या लेकराचं कौतुक कुणाला नकोसं होतं? ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचाही तिला नंतर राग राग आला.

परिषदेच्या आदल्या दुपारी ती वर्कशॉपमध्ये शेवटचा सराव करत होती. खाटकाकडून आणलेलं डुकराचं जठर ट्रेमध्ये, दुर्बीण स्टँडला अडकवलेली, चोचीची मूठ उजव्या हातात. डाव्या हाताला बँडेज, म्हणून तो मांडीवर ठेवलेला. तिने जठराला आतून भोक पाडलं आणि शिवायला घेतलं. पडद्यावर टाके असे पडत गेले की बघत राहावं. एका रांगेत, एकसारखे, भोकाच्या दोन्ही कडा एकमेकींना घट्ट भेटलेल्या. मग नेहमीच्या पद्धतीने तिने जठरात निळं पाणी भरलं आणि ते उचलून धरलं.

खालून निळी धार लागली.

तिने दुसरं जठर घेतलं. पुन्हा टाके तसेच देखणे, पुन्हा निळी धार. तिसऱ्याला तिने पाणी घातलंच नाही, सरळ कात्रीने उभं कापून टाके उलटून बघितले. सुईने फक्त आतलं पातळ अस्तर धरलं होतं. बाहेरचा जाड मांसल थर चोचीत आलाच नव्हता. सुई टोचायला गेली की तो मागे सरकत होता आणि त्याच्यातलं भोक आ वासून तसंच राहत होतं. आतल्या कॅमेऱ्याला यातलं काहीही दिसणार नव्हतं.

इतकी वर्षं गळलं नाही ते आजच का गळावं? तिने मूठ तपासली, सुई तपासली, दोरा तपासला. मग तिचं लक्ष मांडीवरच्या पांढऱ्या बँडेजकडे गेलं.

आजवरच्या प्रत्येक चाचणीत तिचा डावा हात जठराखाली असायचा. कुणी ठेवायला सांगितला नव्हता, कुठे लिहिलेला नव्हता. बटण लावताना कापडाखाली बोट जातं तसा तो आपोआप जायचा आणि भिंतीला हलकेच वर, चोचीच्या तोंडात ढकलायचा. जिवंत माणसाच्या जठरामागे कुणाचा हात असणार? पोटात हात घालावा लागू नये म्हणून जे अवजार बनवलं, ते पहिल्या दिवसापासून हाताच्या टेकूवर चाललं होतं. आणि हे इतक्या वर्षांत तिला, म्हणजे बनवणारीला, दिसलं नव्हतं. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली. शेजारी लेथवर काम करणाऱ्याने दचकून मशीन बंद केलं.

ते कापलेलं जठर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती तडक दादाच्या केबिनमध्ये गेली. दादा उद्याचं भाषण मोठ्याने म्हणून बघत होता. तिने पिशवी त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवली.

"हे काय? उचल आधी ते इथून!"

"उचलते. आधी टाके बघ. आतून बघ, मग बाहेरून बघ."

दादाने हातमोजे चढवून बघितलं. बघायला त्याला वेळ लागला नाही. डोकं त्याचं कधीच कमी नव्हतं. तिने हाताची गोष्ट सांगितली. तो खुर्चीत मागे रेलला.

"तू एका हाताने काम केलंस. एका हाताने कुणाला धड बटण तरी लावता येतं का?"

"तेच सांगतेय मी! उद्या तुलाही एकच हात असणार आहे. दुसरा आईच्या पोटाच्या बाहेर राहणार."

"मग बाहेरून दाबायला सांगू कुणाला तरी. दाबतो की आपण नेहमी."

"ते आतड्याच्या तपासणीत. गाठ कुठे आहे तिची? वरच्या कोपऱ्यात, बरगड्यांच्या आत. बरगड्यांवर काय चढून बसणार आहात?"

दादाने पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "आमच्या पोरांचेही गळले होते."

"कुणाचे?"

"शिकाऊ डॉक्टरांचे. इथे सरावाला दिली होती ना चोच. बऱ्याच जणांचे गळले. हात बसलेला नव्हता त्यांचा, म्हणून ते प्रयोग आपण धरले नाहीत."

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. इथे अंगणच वाकडं होतं, आणि यांनी नाचणाऱ्यांना हाकलून दिलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा स्वभाव माहीत आहे मला. तू पुन्हा सगळं सोडून खुटखुट करत बसली असतीस. परिषद काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"उद्या भोक राहिलं तर?"

"राहिलं तर सर्जन तयार आहे बाहेर. लगेच उघडून शिवेल."

"मग आत्ताच त्याच्याकडे दे ना तिला! तीन छोटी छिद्रं पाडून काढेल तो गाठ. रोज काढतात लोक."

"तीन छिद्रं कुणीही पाडतं," दादा म्हणाला. "त्याला टाळ्या कोण वाजवणार?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याने नजर खाली घातली आणि आवाज मऊ केला. लहानपणी तिच्या वाटणीचं काही हवं असलं की तो असाच आवाज काढायचा.

"धाकटे, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्याचा दिवस जाऊ दे. मग तुला हवं ते सुधार, कोण अडवतंय?"

"मुठीत आई आहे, दादा!"

"ओरडू नकोस. बाहेर माणसं आहेत."

माणसं आहेत म्हणूनच ओरडायला हवं होतं, हे जिन्यावर तिच्या लक्षात आलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि पिशवी मागे टेबलावरच राहिली होती. राहू दे, ती मनाशी म्हणाली, बसू दे त्याला तिच्याकडे बघत.

आई वरच्या मजल्यावर, एकट्यासाठीच्या खोलीत होती. इस्पितळाच्या फोटोवाल्याने नुकताच फोटो काढला होता, त्यामुळे केस चापूनचोपून बसवलेले. हयातभर लोकांचे कपडे शिवून तिने दोन पोरं शिकवली होती. तिला समजावून सांगायला धाकटीला दोन वाक्यंसुद्धा लागली नाहीत.

"म्हणजे टाका अस्तरालाच पडतो," आई म्हणाली, "आणि कापड सुटतं."

"हो. आणि अस्तराच्या बाजूने बघितलं तर छान दिसतं."

"दिसणारच." आईने पांघरुणाची कड सरळ केली. "तुझ्या दादाला माहीत आहे हे?"

"माहीत आहे. आजच नाही, आधीपासून."

आता आई संतापेल, असं धाकटीला वाटलं. कुणीतरी गिऱ्हाइकाला कच्ची शिवण खपवली की तिच्या तोंडाचा पट्टा कसा सुटायचा, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. आई खिडकीकडे बघत बसली. मग म्हणाली, "त्याने ठरवलंय ना? मग होऊ दे."

"आई, काय बोलतेस तू?"

"एवढी परदेशातली माणसं आलीत. आता मागे फिरला तर केवढं हसं होईल त्याचं."

"आणि तुझं काय होईल?"

"माझं काय व्हायचं राहिलंय आता? नाहीच जमलं तर पोट कापून शिवतील. तो बघेल काय ते. डॉक्टर तो आहे, तू नाहीस."

"अवजार मी बनवलंय!"

"मग नीट बनवायचंस," आई म्हणाली.

ते खरं होतं. पण आई तेवढ्यावर थांबली नाही. "तुला ना, पहिल्यापासून त्याचं चांगलं झालेलं बघवत नाही," असं म्हणून तिने कूस बदलली. धाकटी दाराशी उभी राहिली आणि त्या चापून बसवलेल्या केसांकडे बघत तिने दात आवळले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला चावणार?

सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. कार्यक्रम असा की आधी धाकटीने व्यासपीठावरून अवजाराची ओळख करून द्यायची, आणि मग पडद्यावर दादा. थिएटर आणि सभागृह यांचा आवाज एकमेकांना जोडलेला होता, म्हणजे इकडच्यांनी प्रश्न विचारायचे आणि तिकडून दादाने काम करता करता उत्तरं द्यायची. तिच्या मागच्या भिंतभर पडद्यावर आई टेबलावर आडवी दिसत होती. उशाशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई सुई भरून उभ्या होत्या आणि दादा हात वर धरून कॅमेऱ्याकडे हसत होता.

धाकटीने माइक ओढून घेतला. रात्रभर घोकून ठेवलेलं सगळं ती विसरली.

"मी हे अवजार बनवलं," ती म्हणाली, "आणि ते चालत नाही. आमच्या प्रत्येक चाचणीत माझा हात जठराच्या मागे होता. हात काढला की टाका फक्त अस्तराला पडतो आणि भोक उघडं राहतं. आतून दिसत नाही. तुम्हालाही आत्ता पडद्यावर दिसणार नाही, तुम्ही टाळ्या वाजवाल. हे काल मला कळलं. माझ्या भावाला त्याच्या आधीपासून माहीत आहे. त्या टेबलावर आमची आई आहे. भूल देऊ नका."

पडद्यावर दादाचं हसू तसंच्या तसं चिकटून राहिलं होतं, फक्त डोळे बदलले. "तिकडचा आवाज बंद करा," तो म्हणाला. त्याचा तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

आणि मग आईचा आवाज आला. टेबलावर आडव्या पडलेल्या, अजून पूर्ण जाग्या आईचा आवाज, छताला लावलेल्या सगळ्या कर्ण्यांमधून एकदम.

"धाकटे, गप बस! लोक बघतायत!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच वरमलं. धाकटीचा चेहरा लालबुंद झाला. काल ती दादाला ठणकावून सांगत होती की मुठीत आई आहे. आज तीच आईचं ऐकत नव्हती. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तरी तिने माइक सोडला नाही.

"नाही बसणार," ती म्हणाली. "भूल देऊ नका."

भूल देणाऱ्या बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "सर, हे मिटल्याशिवाय मी भूल देणार नाही."

"तुम्ही तुमचं काम करा, बाई."

"तेच करतेय," त्या म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. परिषदेने चोचीचं नाव कार्यक्रमातून खोडलं. ज्या कंपनीचे लोक कालपर्यंत धाकटीच्या मागेपुढे करत होते, ते कॉफीच्या टेबलापाशी तिला ओळखही दाखवेनात. वहिनीने फोन करून, "तुमच्या भावाला तुम्ही जिवंत मारलंत," एवढं सांगितलं आणि उत्तर न ऐकता ठेवून दिला. दादा बोललाच नाही. इस्पितळाने चौकशी लावली, आणि त्या शिकाऊ डॉक्टरांपैकी काही जणांनी आपले गळके टाके कुठे गेले ते तोंड उघडून सांगितलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

आईची गाठ दुसऱ्या इस्पितळातल्या एका सर्जनने काढली. तीन छोटी छिद्रं पाडून, कुणी न बघता, कुणी टाळ्या न वाजवता. आई कागदावर सही करायला तयार नव्हती. "माझा मुलगा करणार असेल तर करा," एवढंच धरून बसली होती. शेवटी दादानेच कुणाकरवी तरी निरोप पाठवला की करून घे. तेवढ्यासाठी तरी धाकटीने त्याला मनातल्या मनात माफ करायला हवं होतं. तिने केलं नाही. स्वतः का नाही आला? रुग्णाची चौकशी करायला कुणी मज्जाव केला होता? आई टेबलावर नसली की ती आई नव्हती का?

दुपारी ती वर्कशॉपमध्ये जाई. जठराखाली आता ती काहीच ठेवत नसे. ते पाण्यात तरंगत सोडी आणि चोच त्याच्यापुढे सपशेल हरताना बघे. आधी भिंतीला पकडून आत ओढणारा एखादा आकडा हवा, मग सुई. आकडा वळायला गेलं की सुईचा रस्ता अडत होता. ती रागाने कानशी घासत बसे आणि संध्याकाळी डबा घेऊन इस्पितळात जाई.

आई तिच्याशी बोलत नव्हती. सूप पीत होती, औषध घेत होती, आधाराला हात द्यायला लावत होती, पण बोलणं सगळं नर्सशी. दार वाजलं की मान वळवून बघायची, दुसरंच कुणी दिसलं की मान परत फिरवायची. धाकटीला ते बघवत नव्हतं, आणि बघवत नाही याचाही तिला संताप येत होता.

एका संध्याकाळी ती डबा घेऊन पोचली तेव्हा खोलीतून आईचा आवाज ऐकू येत होता. खणखणीत. शेजारच्या खोलीतल्या पेशंटची बायको खुर्चीत बसली होती, आणि आई सदरा वर करून तिला पोट दाखवत होती.

"बघा, तीनच छिद्रं. दुसऱ्या कुणाकडे गेले असते तर पोटभर चिरलं असतं. माझ्या मुलाने केलं. मोठा डॉक्टर आहे तो, परदेशातले लोक शिकायला येतात त्याच्याकडे."

"भाग्यवान आहात," ती बाई म्हणाली, आणि दारात उभ्या धाकटीकडे बघून हसली. "आणि या कोण?"

"ही धाकटी," आई म्हणाली. पुढे काही नाही.

डब्याची कडी धाकटीच्या बोटांत रुतली. दादाने त्या पोटाला हात लावला नव्हता, आणि दारात पाऊलही टाकलं नव्हतं. हे सगळं तिच्या जिभेच्या टोकाशी आलं. समोर आई उशीला टेकून ताठ बसली होती, गालांवर रंग आलेला, आवाज जिन्यापर्यंत जाईल असा.

"हो तर!" धाकटी म्हणाली. डबा तिने टेबलावर आदळलाच. "दादानेच केलं. आणि मी आडवी आले, तेही सांग त्यांना. अर्धवट कशाला सांगतेस?"

त्या बाईला कुठे बघावं ते कळेना. आईने सदरा खाली ओढला, डब्यातलं सूप वाटीत ओतलं आणि एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे," ती त्या बाईला म्हणाली.